आहे किंवा होती

काकी आमच्या घरी आली ती युद्धामुळं. माझा काका वायरमन होता. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांची कामं करता करता तो कुवेतला गेला, आणि नव्वद साली तिथं इराकचं सैन्य घुसलं तेव्हा वाळवंट ओलांडून जॉर्डनपर्यंत पोचलेल्या हजारो माणसांत तोही होता. बरेच दिवस त्याचा ठावठिकाणा नव्हता. गडमुडशिंगी गावात आमच्या दारात रोज कुणी ना कुणी येऊन विचारायचं, "काय कळलं का?" आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, नुसती मान हलवायचे.

मग एका दुपारी सिटी बसमधून काका उतरला. दाढी वाढलेली, हातात एकच पिशवी. त्याच्यामागून एक सावळी, ठेंगणी बाई उतरली. अंगात गुडघ्याखाली येणारा झगा आणि पायात कुणाच्या तरी मोठ्या मापाच्या चपला.

"ही श्रीलंकेची हाय," काका म्हणाला. "तितं दवाखान्यात कामाला व्हती. आमी लगीन करणार हाय."

अण्णा काही बोलायच्या आत आई म्हणाली, "आधी आत या, च्या घ्या. लगीन काय पळून जातंय व्हय?"

मी तेव्हा अकरावीत होते. लग्न आमच्या गावातल्या बुद्धविहारात झालं. काकीला मराठीचा एक शब्द येत नव्हता. काकाशी ती थोडं अरबी, थोडं हिंदी आणि बाकी हातवारे करून बोलायची. गावातल्या बायका तिला निरखत बसल्या होत्या. भन्तेजींनी त्रिसरण सुरू केलं आणि ही बाई हात जोडून त्यांच्या बरोबरीनं म्हणायला लागली. न अडखळता, सगळं. चाल निराळी होती, शब्द तेच, पालीतले होते. पंचशील तर तिच्या तोंडी भन्तेजींच्या आधी. आई माझ्या कानाशी लागून म्हणाली, "हिला आपल्यापेक्षा जास्त येतंय की गं!" त्या दिवसापासून ती आमची झाली. निदान आम्ही तसं धरून चाललो.

मराठी तिला आईनं आणि शेजारच्या बायकांनी शिकवली, त्यामुळं ती पुस्तकातली नव्हती. दोन वर्षांत ती गावातल्या कुठल्याही बाईइतक्या मोठ्या आवाजात "व्हय की" आणि "न्हाय गं बाई" म्हणायला लागली. फक्त एक गोष्ट तिला कधी जमली नाही. तिच्या भाषेच्या सवयीनं भ, घ, ध हे जड उच्चार तिच्या जिभेवर हलके व्हायचे. भाकरीची बाकरी व्हायची आणि घराचं गर. सुरुवातीला पोरं हसायची. नंतर कुणाला ते ऐकूही येईनासं झालं.

म्हशीला ती आधी इतकी भ्यायची की गोठ्याच्या बाजूनं जायची नाही. काकानं एक म्हैस घेतली, मग दुसरी, आणि काही वर्षांनी गावानं पाहिलं तर सकाळी डेअरीत दूध घालायला तीच पुढं. ओलं खोबरं, सुकी मिरची आणि लिंबू वाटून ती एक तोंडीलावणं करायची. ते आमच्या गल्लीत भाकरीबरोबर घरोघर व्हायला लागलं. त्याला कुणी तिकडचं नाव घेऊन ओळखत नसे. काकीची चटणी म्हणायचे.

दरवर्षी मात्र एक दिवस काका तिला घेऊन शहरात जायचा. परदेशी माणसांची नोंद पोलिसांकडं असते हे मला तिच्यामुळं कळलं. तिथं तिचा मुक्काम वर्षभरानं वाढवून मिळायचा. परत येताना ती दोघं महाद्वार रोडला चक्कर मारून, काहीतरी खाऊन यायची. त्यामुळं घरात तो दिवस जत्रेला गेल्यासारखा वाटायचा. पाच वर्षं झाल्यावर तिनं नागरिकत्वाचा अर्ज केला. मी तेव्हा लॉ कॉलेजात होते, अर्ज मीच भरला. असा अर्ज जिल्ह्यातून मुंबईला जातो आणि मुंबईहून दिल्लीला. काका अधूनमधून चौकशी करायचा. उत्तर ठरलेलं असायचं, "वर गेलाय."

मग काका गेला. गोठ्यात दिव्याची वायर बदलून आला, छातीत दुखतंय म्हणाला, आणि दवाखान्यात पोचायच्या आत सगळं संपलं. त्यांना मूलबाळ नव्हतं. काकी किती दिवस कुणाशी बोलली नाही. म्हशींचं मात्र वेळच्या वेळी करायची. आई म्हणायची, "जनावरानं धरून ठिवलंय बिचारीला."

त्या वर्षी मुक्काम वाढवून घ्यायला तिच्याबरोबर मी गेले. मला सनद मिळून थोडेच महिने झाले होते, शहरात एका वयस्कर वकिलांच्या हाताखाली काम करत होते. नोंदणीच्या टेबलावरचे हवालदार काकीला वर्षानुवर्षं ओळखत होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली, काकाचं ऐकून वाईट वाटलं म्हणाले. काही आठवड्यांनी तेच हवालदार स्वतः गावात आले आणि कागद अण्णांच्या हातात देताना त्यांची नजर जमिनीकडं होती. वरून हुकूम आला होता. ही बाई पत्नी म्हणून इथं राहत होती, पती हयात नाही, सबब राहण्याचं कारण उरलेलं नाही. मुदतीच्या आत देश सोडावा.

मी तो इंग्रजी हुकूम मराठीत करून सांगितला. चुलीपुढं बसलेली काकी ऐकत होती. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं.

"जाते मी," शेवटी ती म्हणाली. "माज्यापायी तुमच्या दारात पोलीस नको."

अण्णा लेथवर काम करणारा माणूस. बोलायचे कमी आणि बोलले की गल्लीच्या टोकाला ऐकू जायचं. "कुटं जातीस?" ते म्हणाले. "हितं तुला कुणी काय बोललंय का? म्हशीला चारा घाल जा. पोलिसांचं मी बघतो."

"तुमी काय बगणार, अण्णा? सरकार हाय ते."

"मग सरकारचं ही बघंल," असं म्हणून त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "एवढी वकील केलीया ती कशाला?"

तोपर्यंत मी कोर्टात तारखा घेण्यापलीकडं काही केलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सरांच्या ऑफिसात मी सगळं सांगितलं. सर पन्नास वर्षांच्या वकिलीत शांत होत गेलेले गृहस्थ. त्यांनी हुकूम वाचला आणि मला कपाटातले निकालाचे खंड काढून दिले. "आधी वाच," म्हणाले. "मग बोलू."

मी वाचत गेले तशी खचत गेले. निकालामागून निकाल एकच सांगत होते. परदेशी माणसाला देशात ठेवायचं की नाही हा सरकारचा अधिकार आहे. तो जवळजवळ अमर्याद आहे. सरकारनं असं का ठरवलं, ते योग्य होतं का, कनवाळूपणाचं होतं का, यात कोर्ट शिरणार नाही. कॉलेजात आम्हाला शिकवलं होतं की अन्यायावर शेवटचा उपाय म्हणजे कोर्ट. इथं कोर्टच सांगत होतं की एका जागेपुढं आमचं पाऊल पडत नाही.

"सर, मग काही करताच येणार नाही?" मी जवळजवळ रडत विचारलं.

"तू चुकीचा प्रश्न घेऊन वाचत बसलीस," सर म्हणाले. "काकीनं इथं राहावं की नाही, हे न्यायाधीशाला विचारायला गेलीस तर तो हात जोडेल. तो प्रश्न त्याचा नाहीच. त्याला विचारायचं ते इतकंच, की सरकारनं कायद्यानं सांगितलेली पायरी गाळली का. तिच्या नागरिकत्वाच्या अर्जाचं काय झालं?"

"वर गेलाय म्हणतात."

"होकार आला?"

"नाही."

"नकार?"

"नाही."

सरांनी नागरिकत्वाचा कायदा उघडला आणि लग्नाचं कलम माझ्यापुढं सरकवलं. तेव्हाच्या त्या कलमात भारतीय नागरिकाशी जी व्यक्ती विवाहित आहे किंवा होती, तिला अर्ज करता येत होता. मी ते कलम परीक्षेसाठी पाठ केलं होतं, अर्ज भरतानाही वाचलं होतं. पण सरांनी पेन्सिलीनं ज्या शब्दांखाली रेघ ओढली ते मी कधी थांबून पाहिले नव्हते. आहे किंवा होती. कायदा करणाऱ्या कुणाला तरी नवरा मागं न उरलेल्या बाईची आठवण झाली होती.

"म्हणजे आपण जिंकलो?" मी विचारलं.

"अजिबात नाही. अर्ज मंजूर करायचा की नाही हे पुन्हा सरकारच ठरवणार. पण अर्जावर काहीच न ठरवता आधी बाईला काढून द्यायचं, हे बरोबर नाही असं म्हणता येतं. तेवढंच म्हणू. जास्त मागितलं तर आहे तेही जाईल."

हे सगळं मुंबईच्या हायकोर्टात करायचं होतं. कोल्हापूरला खंडपीठ पाहिजे म्हणून आम्ही वकील मंडळी तेव्हा कोर्टाबाहेर बसून घोषणा द्यायचो. सरांना त्या वयात कागदांची बॅग घेऊन रेल्वेनं मुंबई गाठावी लागली. बरोबर मी, अण्णा आणि काकी. काकीनं आईचं जांभळं इरकल नेसलं होतं. वाटेत सगळा वेळ ती ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होती. मी विचारलं तर म्हणाली, "जजसायबांना काय सांगायचं ते पाट करतीया."

कोर्टात आमचा पुकारा झाला. सरकारी वकील उभे राहिले आणि म्हणाले की परदेशी व्यक्तीला देशाबाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार निर्विवाद आहे. न्यायाधीश म्हणाले, "ते मला माहीत आहे." मला वाटलं, संपलं. मग सर उभे राहिले. त्यांनी काकाच्या मृत्यूचं वर्णन केलं नाही, काकीच्या वैधव्याचं तर नाहीच. एवढंच म्हणाले, की अर्ज इतकी वर्षं पडून आहे, त्यावर निर्णय नाही, आणि ज्या कारणानं तिला जायला सांगितलं त्या कारणाला कायद्यातलं कलमच उत्तर देतं. न्यायाधीशांनी कलम वाचलं. सरकारी वकिलांना विचारलं, "अर्ज फेटाळलाय का?" त्यांनी कागद चाळले आणि सूचना घ्याव्या लागतील असं सांगितलं.

न्यायाधीशांनी हुकूम तोंडी सांगायला सुरुवात केली. त्यातलं एक वाक्य मला अजून जसंच्या तसं आठवतं. या स्त्रीनं इथं राहावं की नाही यावर आम्ही कोणतंही मत देत नाही. त्यांनी सरकारला अर्जावर कायद्याप्रमाणं, तिचं म्हणणं ऐकून घेऊन निर्णय करायला सांगितलं. तोवर तिला हलवू नये. आणि पुढच्या प्रकरणाचा पुकारा झाला.

मी आनंदानं बाहेर आले. पायऱ्यांवर पाहते तर काकी भिंतीकडं तोंड करून उभी.

"काय झालं? आपल्या मनासारखं झालंय, काकी!"

"त्यांनी माज्याकडं बगितलं बी न्हाय," ती म्हणाली. "एवडं पाट केलतं. एक शब्द बोलू दिला न्हाय."

सर एक पायरी खाली उतरून तिच्यासमोर उभे राहिले. "ताई, तुमचं ऐकून निर्णय द्यायचा अधिकार त्यांना नाहीच. असता तर त्यांनी ऐकलं असतं. आज त्यांनी एवढंच केलं, की ज्याला तो अधिकार आहे त्यानं तुमचं ऐकल्याशिवाय तुम्हाला घालवायचं नाही. जे पाठ केलंय ते विसरू नका. ते तिथं लागणार आहे."

अण्णा म्हणाले, "विसरतीया कुठली? रेल्वेभर आमचं डोकं खाल्लंय."

काकी रडता रडता हसली.

त्यानंतर अर्ज सापडला. कुठं होता ते कुणी सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही. नव्यानं चौकशी सुरू झाली आणि एक तरुण पोलीस गावात माहिती घ्यायला आला. मी त्या दिवशी घरी होते म्हणून तो प्रसंग पाहायला मिळाला. त्यानं पारावर बसलेल्या लोकांना विचारलं, "हितं एक परदेशी बाई ऱ्हाती न्हवं?"

आमच्या शेजारचे आजोबा जागचे उठले. "कोण परदेशी? न्हाय हो पावणं. हितं कुणी परदेशी न्हाय."

"अहो, श्रीलंकेची."

"ती व्हय! ती हितलीच हाय."

"हितली कशी? जन्म कुठला?"

"जन्माचं काय घिऊन बसलाय? डेअरीत इचारा. विहारात इचारा. गावात कुणालाबी इचारा, ती गडमुडशिंगीची हाय."

"पण ती परदेशी नसंल तर अर्ज कशाला केलाय तिनं?" पोलीस वैतागला. आजोबांना वाटलं हा तिला काढायलाच आलाय. ते आणखी चढ्या आवाजात सांगायला लागले, बाकीचे त्यांना साथ देऊ लागले. परदेशी आहे असं कागदावर आलं नसतं तर नागरिकत्व द्यायचं कुणाला? मी धावत जाऊन आजोबांना बाजूला घेतलं आणि कानात सांगितलं की ती तिकडची आहे हे कबूल करायचं असतं, त्याशिवाय ती इकडची होत नाही. आजोबा माझ्याकडं बघतच राहिले. मग पोलिसाकडं वळून नाइलाजानं म्हणाले, "बरं, लिवा. हाय परदेशी. पण लई चांगली परदेशी हाय."

सुनावणी जिल्ह्याच्या ठिकाणी झाली. समोर बसलेल्या अधिकारी बाई होत्या, माझ्या आईपेक्षा थोड्या लहान. मी वकील म्हणून बोलायला तोंड उघडलं तर त्या म्हणाल्या, "तुम्ही थांबा. मला त्यांच्याशी बोलायचंय."

त्यांनी काकीला मराठी वाचायला दिलं. काकीनं वर्तमानपत्रातला एक तुकडा बोट ठेवून वाचला. मग त्यांनी विचारलं, "तुमची आई तिकडे आहे, भाऊ आहे. इथे आता पती नाहीत, मूल नाही. मग इथेच का राहायचंय?"

काकीनं इतक्या दिवसांचं पाठांतर सोडून दिलं. ते मला ओळखू आलं, कारण एव्हाना ते मलाही पाठ झालं होतं. तिनं डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाली, "म्याडम, मला एक सांगा. नवरा मेला म्हणून सून परकी व्हती का? आपल्यात सुनंला गरातनं काडत्यात व्हय?"

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. 'आपल्यात' हा शब्द त्यांनीही ऐकला होता, असं मला वाटलं. काकी पुढं सांगत राहिली. तिकडं भावाच्या घरी ती पाहुणी असेल. इथं तिचा गोठा आहे. सकाळी ती डेअरीत दिसली नाही तर बायका विचारत येतात. तिच्या नवऱ्याची राख तिनं स्वतः पंचगंगेत सोडली. आणि तिच्या जावेचे गुडघे दुखतात, तिला पाणी कोण भरून देणार? हे शेवटचं ती इतक्या काळजीनं म्हणाली की बाईंना हसू आलं.

त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि ते कलम स्वतःशी पुटपुटत वाचलं. "किंवा होती," त्या म्हणाल्या आणि लिहायला लागल्या. लिहून झाल्यावर त्यांनी सांगितलं, "मी शिफारस करतेय. पण शेवटचा निर्णय दिल्लीचा. तिथे नाही म्हणाले तर माझ्या हातात काही नाही. कोर्टाच्याही हातात फारसं नाही. हे माहीत असू द्या."

"व्हय म्याडम," काकी म्हणाली. "पर तुमी आयकलं."

वाट बघण्याचे महिने सगळ्यात कठीण गेले. मी रोज कोर्टात जात होते, दुसऱ्यांच्या दाव्यात कारणं द्या, पुरावे द्या, अपील करा असं सांगत होते, आणि घरी एक प्रश्न असा होता ज्यावर अपील नव्हतं. त्या दिवसांत मला पहिल्यांदा उमगलं की कोर्ट जिथं थांबतं तिथं सगळा भार एका खुर्चीत बसलेल्या माणसावर येतो. तो माणूस कंटाळलेला असेल किंवा जागा असेल, त्यावर कुणाचं तरी आयुष्य ठरतं. हे भीतीदायक आहे. पण आमच्या वाट्याला जागा असलेला माणूस आला होता, आणि तसे आणखी कुणी वर असतील असं मानायला मी हळूहळू शिकले.

होते. मंजुरी आली. काकीला शपथ घ्यायला बोलावलं तेव्हा अण्णांनी कामावर सुट्टी टाकली, आई दुखत्या गुडघ्यांनी जिना चढली. शपथ भारताच्या संविधानाशी निष्ठा राखण्याची होती. काकीनं ती मोठ्यानं, स्पष्ट वाचली. "बारताच्या संविदानाशी," ती म्हणाली, आणि कुणी हसलं नाही. संविधान हा शब्द आला तशी अण्णांनी डोक्यावरची टोपी काढली आणि शपथ संपेपर्यंत छातीशी धरून ठेवली. आमच्या घरात त्या शब्दाचं काय मोल आहे ते सांगायला त्यांना बोलावं लागलं नाही.

हे वाचून कुणाला वाटेल की नेटानं लढलं की होतं सगळं. तसं नाही. पुढं काही वर्षांनी सुदानचा एक विद्यार्थी माझ्याकडं आला. शहरात शिकत होता, शेवटचं वर्ष राहिलं होतं, आणि त्याचा मुक्काम वाढवायला नकार मिळाला. कारण सांगितलं नव्हतं. मी त्याच्यासाठी मुंबईला गेले, सरांनी मला शिकवलेलं सगळं केलं. पण या वेळी कुठली पायरी गाळलेली नव्हती. सरकारनं बंद लिफाफ्यात कागद दिले, न्यायाधीशांनी ते वाचले, परत दिले आणि आम्हाला यात पडता येत नाही असं सांगितलं. लिफाफ्यात काय होतं ते मला आजही माहीत नाही. कदाचित खरंच काही असेल, कदाचित नुसता कुणाचा तरी संशय. तो मुलगा जायच्या आदल्या दिवशी मी त्याला घरी जेवायला आणलं. काकीनं त्याला वाढता वाढता अरबीत काहीतरी विचारलं. इतक्या वर्षांनी तिला ते आठवत होतं. तो चमकला आणि मग दोघं बराच वेळ बोलत बसले. काय बोलले ते काकीनं मला सांगितलं नाही. दीड-दोन वर्षांनी त्याचा मलेशियातून फोन आला. तिथं त्यानं पदवी पूर्ण केली होती. आधी मला सांगितलं आणि मग म्हणाला, काकींना द्या.

शपथ घेतली तोवर काकी मात्र एकदाही आपल्या आईला भेटलेली नव्हती. सुरुवातीला श्रीलंकेतल्या यादवी युद्धामुळं तिकडं जायला जीव धजत नसे, नंतर भीती होती की एकदा बाहेर गेलं तर परत येऊ देतील की नाही. भारताचा पासपोर्ट हातात आला तेव्हा तिकडचं युद्धही थांबलेलं होतं. कायमचं नव्हे, ते पुढं कळलं, पण तेव्हा विमानं सुरळीत होती. मी तिच्याबरोबर गेले.

कोलंबोच्या विमानतळावर दोन रांगा होत्या. त्या देशाच्या लोकांची वेगळी, परदेशी लोकांची वेगळी. काकी सवयीनं पहिल्या रांगेकडं वळली. मी तिचा हात धरून तिला माझ्या रांगेत आणलं. तिनं वरची पाटी वाचली, मग हातातला पासपोर्ट पाहिला आणि माझ्यापुढं उभी राहिली. काचेमागच्या तरुण अधिकाऱ्यानं तिचं जन्मगाव वाचलं आणि सिंहलीत काहीतरी विचारलं. तिनं उत्तर दिलं. तो हसला, आणखी काहीतरी बोलला आणि महिन्याभराच्या मुक्कामाचा शिक्का मारला. माझ्या वेळी त्यानं इंग्रजीत दोन प्रश्न विचारले आणि मलाही सोडलं.

"काय म्हणाला गं तो?" मी विचारलं.

"कशाला आलाय म्हणाला. आईला बगायला म्हणलं. म्हणाला, मग एवडेच दिवस पुरतील का?"

बाहेर कठड्याला धरून तिची आई उभी होती. पांढरी साडी, वाकलेली पाठ, आणि तिला सांभाळायला काकीचा भाऊ. म्हातारी पुढं आली आणि तिनं लेकीचा चेहरा दोन्ही हातांत धरून काहीतरी विचारलं. काकीनं तोंड उघडलं आणि म्हणाली, "व्हय गं आई, जेवलोय की आमी."

भाऊ गोंधळून माझ्याकडं पाहायला लागला. काकीच्या ध्यानात आलं तशी तिनं तोंडावर हात ठेवला आणि मग तेच वाक्य तिच्या भाषेत सांगितलं, पण तोवर म्हातारी हसत सुटली होती. तिला शब्द कळले नव्हते. तरी तिनं मान डोलावली, लेकीची पिशवी तिच्या हातातून ओढून घेतली आणि आम्हाला रस्त्याच्या बाजूला, सावलीत उभ्या असलेल्या गाडीकडं न्यायला लागली.